हुकमी बिघाड

दौंड

चि. ताईस,


पत्रास कारण तुझा कॉम्प्युटर. फोनवर तू म्हणालीस, ‘आजोबा, कधी एका झटक्यात चालू होतो, कधी बटण दाबून बोट दुखतं तरी ढिम्म. बाबा म्हणतात, शिरूरला नेऊन फॉरमॅट मारून आणू.’ नेऊ नका, एवढंच मी तेव्हा म्हटलं. का नको, ते सांगायला लागलो असतो तर तुमच्या मळ्यातल्या रेंजनं निम्मं खाल्लं असतं, म्हणून लिहितो.

फॉरमॅटचा विषय आधी मिटवू. आपल्याकडे कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुखण्यावर हा एकच काढा देतात. फॉरमॅट म्हणजे डिस्क पुसून तिच्यावर नवी विंडोज घालणं. पण तुझं यंत्र अडतं ते विंडोजची पाळी येण्याच्या कितीतरी आधी. पंखा फिरत नाही, पडद्यावर कंपनीचं नाव उमटत नाही, तिथे विंडोज बदलून काय होणार? उलट तुझे फोटो आणि कॉलेजच्या फाइल जातील आणि बिघाड जागच्या जागी राहील. म्हणून पहिलं काम हे: आता ज्या वेळी चालू होईल त्या वेळी बंद करू नकोस, पेनड्राइव्ह लाव आणि सगळं उतरवून घे. दुरुस्ती त्यानंतर. डिस्कमधून टिकटिक असा ठराविक आवाज येत असेल तर मग ताबडतोब.

माझी सगळी नोकरी रेल्वेच्या सिग्नल खात्यात गेली. तिथे आम्ही बिघाडाच्या दोनच जाती मानायचो. एक, मेलं ते मेलं: तार तुटली, फ्यूज उडाला. तो सापडायला वेळ लागत नाही. दुसरी जात म्हणजे माणूस पोचेपर्यंत बरा होऊन बसणारा बिघाड. रुळांमध्ये अगदी कमी दाबाची वीज सोडलेली असते. गाडी आली की तिच्या चाकांतून ती वीज या रुळातून त्या रुळात जाते, रिले (त्याच विजेवर उचलून धरलेला खटका) पडतो आणि मागचा सिग्नल लाल होतो. आता मुसळधार पावसात खडी चिखलपाण्यानं भरली की गाडी नसतानाही वीज एका रुळातून दुसऱ्यात झिरपते, रिले पडतो आणि मोकळ्या लाइनीवर सिग्नल लाल. मेंटेनर भिजत तिथे पोचेपर्यंत पाऊस थांबतो, खडी निथळते, सिग्नल ठीक. नवखा माणूस ‘आता चालतंय की’ म्हणून परत फिरतो. जुना माणूस स्टेशनमास्तरकडे जाऊन रजिस्टर मागतो. किती वाजता गेला, किती वाजता आला, पाऊस होता का, नुकतीच कुठली गाडी गेली होती. नोंदी एकाखाली एक वाचल्या की कळतं, हा पावसाचा, हा गाडीच्या हादऱ्याचा, हा पहाटेच्या दवाचा.

आणि कारण सापडलं असं कधी म्हणायचं? बिघाड हुकमी आणता आला की. ही तार हलवली की सिग्नल लाल, सोडली की ठीक, पुन्हा हलवली की पुन्हा लाल. तोपर्यंत जे असतं तो अंदाज. तुझ्या कॉम्प्युटरबद्दल मला मुख्य सांगायचं ते हेच. बाकी सगळा तपशील.

तेव्हा एक वही घे. चालू झाला नाही तेवढंच लिहू नकोस, चालू झाला तेही लिही. लोक नेमकी इथे चूक करतात. न चालल्याचे दिवस लक्षात राहतात, चालल्याचे विसरतात, आणि मग तुलना कशाशी करायची तेच उरत नाही. तारीख, वेळ, आदल्या दिवशी कधी बंद केला होता, गारठा होता का, घरातला पंखा जोरात होता की रेंगाळत होता, बटण दाबल्यावर नेमकं काय झालं. ‘चालू झाला नाही’ असं मोघम नको. पंखा क्षणभर फिरून थांबला का? दिवा लागला पण पडदा काळा राहिला का? पीं पीं आवाज आला का, आणि किती वेळा? की काहीच हाललं नाही? या चार गोष्टी चार वेगळ्या ठिकाणी बोट दाखवतात. वीज कुठवर पोचली आणि कुठे अडली, एवढाच प्रश्न असतो.

आणखी एक नोंद तुझ्या वहीत हवीच, जी पुण्या-मुंबईच्या माणसाला सुचणार नाही: त्या वेळी थ्री फेज लाइट होती का?

तुझं घर गावठाणात नाही, मळ्यात आहे. विहिरीजवळच्या डीपीवरून, म्हणजे ट्रान्सफॉर्मरवरून, तुमची लाइन येते, आणि त्याच डीपीवर आजूबाजूच्या मोटरी आहेत. तुमच्याकडे शेतीची थ्री फेज लाइट पाळीनं येते, कधी दिवसा, कधी रात्री. पाच किंवा साडेसात हॉर्सपॉवरची मोटर सुरू होताना पहिले काही क्षण तिच्या नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. एक मोटर असेल तर डीपी सोसते. पण जवळजवळ प्रत्येकानं स्टार्टरला ऑटोस्विच लावून ठेवलेला असतो, म्हणजे रात्री उठून बटण दाबायला जायला नको. लाइट आली रे आली की सगळ्या मोटरी एकदम उठतात. कागदावर २३० व्होल्ट असलेला दाब त्या वेळी दीडशे-पावणेदोनशेवर घसरतो, बल्ब मिणमिणतात, कधी डीपीवरचा डीओ फ्यूजच उडतो. ऑटोस्विच काढा आणि मोटरीला कपॅसिटर बसवा, असं महावितरण वर्षानुवर्षं सांगत आलंय. ऐकतं कोण? थ्री फेज गेल्यावर सिंगल फेजवर जुगाड करून मोटर चालवणारेही आहेतच, त्यानं दाब आणखी पडतो.

मी शेतकऱ्याला दोष देत नाही. उसात बिबट्या असताना अंधारात विहिरीवर जायचं कुणी? शिरूर-जुन्नर पट्ट्यातले लोक दिवसा वीज मागतात ती काही हौस म्हणून नाही. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली त्याचसाठी निघाली. तिची सुरुवातीची जागा म्हणजे तुमच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातलं राळेगणसिद्धी. दिवसा उन्हावर वीज करायची आणि दिवसाच मोटरीला द्यायची, असा तिचा साधा हिशोब. ती जिथे पोचली तिथे रात्रीचा दाब सुधारणार, पण सकाळी मोटरी उठण्याची वेळ बदलणार. म्हणून वेळ लिही म्हणतो. तुमच्या लाइटची पाळी बदलली आणि तुझ्या कॉम्प्युटरच्या रुसण्याची वेळही तिच्यामागे सरकली, तर बिघाड कॉम्प्युटरच्या डब्यात नाही, डीपीवर आहे.

आता डब्यात काय होतं ते समजून घे. मागच्या बाजूला जिथे वायर लागते तो धातूचा चौकोनी भाग म्हणजे एसएमपीएस. तो घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन तिच्यापासून बारा, पाच आणि तीन पूर्णांक तीन व्होल्ट करून देतो. वायर लावलेली आणि मागचा खटका चालू असला की कॉम्प्युटर बंद असतानाही तो आतल्या मुख्य बोर्डाला, म्हणजे मदरबोर्डला, पाच व्होल्टची एक बारीक धार देतच असतो. पुढचं बटण म्हणजे दिव्याचं बटण नव्हे. ते फक्त बोर्डाला ‘ऊठ’ म्हणतं, बोर्ड एसएमपीएसला सांगतो, एसएमपीएस सगळे व्होल्टेज नीट बसले याची खात्री झाल्यावर ‘ठीक आहे’ असा उलट निरोप देतो. हे सगळं सेकंदाच्या काही भागात होतं. निरोप आला नाही तर बोर्ड हालत नाही. पंखा क्षणभर फिरून थांबतो तेव्हा पुष्कळदा हा निरोपच आलेला नसतो.

तुझा कॉम्प्युटर पुण्यातल्या कुठल्याशा ऑफिसातून निघालेला जुना. त्याच्या एसएमपीएसवर मागे ११५ आणि २३० लिहिलेला लाल खटका आहे का बघ. असा खटका असलेला जुना एसएमपीएस साधारण १८० व्होल्टच्या वरच धड काम करतो. खटका नसून १०० ते २४० असं छापलेलं असेल तर तो कमी दाबातही तगतो. आणि हे आत्ताच सांगून ठेवतो: दाब कमी आहे म्हणून तो लाल खटका ११५ वर करायचा शहाणपणा कुणी सुचवला तर ऐकू नकोस. मोटरी बंद झाल्या की दाब वर जाईल आणि एसएमपीएस फटाक्यासारखा जाईल.

तू विचारशील, एकदा चालू झाला की मग तासन् तास चालतो, तो कसा? कारण उठतानाच त्याला जास्त लागतं. थांबलेली हार्ड डिस्क फिरायला लागताना दीड-दोन अँपिअर ओढते, एकदा वेग धरला की थोडक्यात भागतं. चालत्या यंत्राला पाव सेकंदाचा झोल लागला तर तेही बंद पडेल, पण सेकंदाच्या शंभराव्या हिश्शाइतका झोल एसएमपीएस स्वतःच्या साठ्यावर काढून नेतो.

यूपीएस आहे, मग हे का होतं, हेही विचारशील. यूपीएसची बॅटरी किती वर्षांची आहे ते आधी सांग. त्यातली बारा व्होल्टची छोटी बंद बॅटरी आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन वर्षांत म्हातारी होते. दाब पडला की यूपीएस बॅटरीवर जातो, आला की परत येतो, पुन्हा जातो. दिवसभर ही ये-जा चालली की संध्याकाळी तू बटण दाबतेस तेव्हा तिच्यात काही उरलेलं नसतं. परीक्षा सोपी आहे: दाब चांगला असताना यूपीएस काढून कॉम्प्युटर सरळ भिंतीच्या प्लगला लाव. तरीही रुसला तर यूपीएस निर्दोष. प्लगमध्ये खोचून व्होल्टेज दाखवणारा छोटा आकड्यांचा मीटर मिळतो, तो घे. वायरी उघड्या करून मल्टिमीटर लावू नकोस, ते वायरमनचं काम.

दाब उत्तम, यूपीएस बाजूला, आणि तरी नखरे चालू असतील तरच डबा उघडायचा. आधी वायर काढ, मग पुढचं बटण दोन-चार वेळा दाबून उरलेली वीज जाऊ दे, मग डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लाव आणि मगच आत हात घाल. एसएमपीएसचा स्वतःचा डबा मात्र कधीही उघडायचा नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट बसून असू शकतात. या एका बाबतीत आजोबांशी वाद नाही.

आत तुला काय दिसेल ते मी इथे बसून सांगतो: धूळ. पलीकडे केडगाव-पारगावच्या पट्ट्यात गुऱ्हाळं चालतात, तिकडच्या घरांतून चिपाडाची काजळी पंख्याच्या पात्यांवर मेणासारखी बसलेली असते. तुमच्याकडे ऊसतोडीच्या दिवसांत पाचट पेटवतात, तेही आत येतं. मऊ ब्रशनं काढ, पंखा बोटानं धरून ठेव, ओलं फडकं नको. मग रॅमची पट्टी. दोन्ही टोकांचे चिमटे सोडून काढ, तिच्या सोनेरी दातांवर स्वच्छ पांढरा खोडरबर हलकेच फिरव, चुरा झटक, परत ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसव. दिवा आणि पंखा चालू पण पडदा काळा, या तक्रारीचं उत्तर पुष्कळदा इथेच असतं. दोन पट्ट्या असतील तर एकेक लावून बघ. नाणं असतं तेवढी गोल बॅटरीही दिसेल, सीआर २०३२. तारीख-वेळ मागे जात असेल तर ती संपली, बदल. पण नुसत्या तिच्यामुळे यंत्र मुळीच उठत नाही असं क्वचितच होतं, दुकानात मात्र तिच्या नावावर बिल फाडतात.

त्यानंतर बोर्डावरचे उभे, गोल, पिंपासारखे कपॅसिटर बघ. त्यांची डोकी सपाट हवीत. फुगलेली किंवा वर तपकिरी डाग असलेली दिसली तर तिथे गोम आहे. या शतकाच्या पहिल्या काही वर्षांत जगभर असे लाखो कपॅसिटर सदोष निघाले, नामांकित कंपन्यांचे बोर्ड त्यांनी निकामी केले. आता तेवढी साथ नाही, पण वय झालं की आतला द्रव सुकतोच. त्याची खूण म्हणजे थंडी. डिसेंबरात सकाळी गारठ्यात कॉम्प्युटर उठत नाही, दुपारी उठतो, आणि एकदा बंद करून लगेच चालू केला तर बिनतक्रार उठतो. द्रव गार असताना त्याचा विरोध वाढलेला असतो, म्हणून. वहीत ‘गारठा’ लिही म्हटलं ते यासाठी.

पुढचं बटणही तपास. दाबून दाबून त्याची स्प्रिंग बसते. बोर्डावर त्याच्या दोन बारीक वायरी आलेल्या असतात, शेजारी रिसेटच्या. रिसेटची जोडी काढून पॉवरच्या पिनांवर लाव आणि रिसेट बटणानं चालू कर. दहाही वेळा चालू झाला तर बटणच गेलेलं. फुकटात काम झालं. हा प्रयोग मला सगळ्यात आवडतो, कारण बिघाड हुकमी आणता येतो: वायरी जुन्या जागी, बिघाड हजर, नव्या जागी, गायब.

विंडोजवर मी मघाशी फारच उदार झालो, तिचंही एक खोडकर काम आहे. २०१२ च्या विंडोज आठपासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ‘शट डाउन’ केलं तरी ती पूर्ण बंद होत नाही, अर्धी स्मृती डिस्कवर लिहून ठेवते आणि पुढच्या वेळी तीच उचलते. ते लिहिणं बिघडलं तर कंपनीचं नाव येतं आणि पुढे पडदा अडकतो. ‘रीस्टार्ट’ केल्यावर नीट आणि ‘शट डाउन’नंतर अडकत असेल तर पॉवरच्या सेटिंगमध्ये जाऊन ती सोय बंद कर.

आता खरी कसोटी. समज, तीनातून एकदा कॉम्प्युटर रुसतो. तू रॅम साफ केलीस आणि लागोपाठ दोनदा छान चालू झाला. बाबा म्हणतील, झालं! मी म्हणेन, काही झालं नाही. काही न करताही दोनदा लागोपाठ चालू होण्याची शक्यता शेकडा चव्वेचाळीस आहे, स्वतः गुणून बघ. पाचदा लागोपाठ चालला तरी शेकडा तेरा. दहा वेळा चालला तर मात्र योगायोग शेकडा दोनपेक्षाही कमी, तेव्हा पेढे. आणि एका वेळी एकच गोष्ट बदल. रॅम पुसली, एसएमपीएस बदलला, बॅटरी घातली, सगळं एकाच दुपारी केलंस तर चालू होईलही, पण कशानं ते कळणार नाही आणि पुढच्या वेळी तितकाच खर्च पुन्हा होईल. दुकानवाले नेमकं हेच करतात. त्यांना घाई असते, तुला नाही.

कारखान्यांनाही हीच रीत पाळावी लागते. तुमच्या जवळच्या रांजणगाव एमआयडीसीत इलेक्ट्रॉनिक्सचे कारखाने आहेत, आणि २०२२ साली केंद्रानं तिथे आणखी एक इलेक्ट्रॉनिक्स क्लस्टर मंजूर केला, जवळपास ४९३ कोटींचा. बोर्ड बनवणाऱ्या उद्योगात माल तापवतात, गार करतात, हादरवतात, ते का? लपून बसलेला बिघाड गिऱ्हाईकाच्या घरी निघण्याआधी आपल्या टेबलावर निघावा म्हणून. पुढे त्या नोकरीचा विचार असेल तर तुझी वही हा चांगला अभ्यास आहे. तुझ्या क्लासवाल्यानं विंडोजचे मेनू पाठ करून घेतले त्यापेक्षा नक्कीच.

दोन धोक्याच्या गोष्टी, मग थांबतो. डब्याच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तुमच्या घराचं अर्थिंग मेलं आहे. अर्थ नसला की एसएमपीएसमधल्या गाळणीमुळे पत्र्यावर निम्मा दाब येऊन बसतो. उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा कोरडा पडतो, त्यात पाणी घालायला सांग आणि वायरमनला दाखव. तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी बसवून घ्या, ती कॉम्प्युटरसाठी नव्हे, माणसांसाठी. आणि एखाद्या संध्याकाळी बल्ब अचानक फार लख्ख पेटले, पंखे सुसाट सुटले, तर विचार करत बसू नकोस, मेन स्विच पाड. डीपीवरचा न्यूट्रल सुटला की २३० च्या जागी चारशेच्या आसपास व्होल्ट घरात येऊ शकतात. त्यातून कुठलाच एसएमपीएस वाचत नाही.

माझा अंदाज विचारशील तर निम्मा संशय यूपीएसच्या बॅटरीवर आणि निम्मा डीपीवर. पण अंदाजावर एक रुपयाही खर्च करू नका. वही महिनाभर लिही, पानांचे फोटो मला पाठव, दाब पडण्याच्या वेळा जुळल्या तर त्याच नोंदींवरून महावितरणच्या कार्यालयात लेखी अर्ज करता येईल. ‘साहेब, लाइट बरोबर नाही’ या तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही, तारखा-वेळा-व्होल्टेज लिहिलेल्या कागदाला उत्तर द्यावं लागतं. अर्जावर डीपीवरच्या सगळ्यांच्या सह्या घ्या.

आईला आशीर्वाद. बाबांना माझा नमस्कार सांग, आणि सह्या मागायला दुसऱ्यांच्या दारी जाण्याआधी आपल्या विहिरीवरच्या मोटरीचा ऑटोस्विच काढून टाका म्हणावं. मागच्या दिवाळीला आलो होतो तेव्हा मी तो पाहिला आहे.

तुझा,
आजोबा